गच्ची मधोमध गळत नाही : पावसाळ्याआधी या चुका टाळा

मे महिना अर्धा सरला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या गच्च्यांवर दोन गोष्टी हमखास दिसतात. एका कोपऱ्यात कोणाच्या तरी कुरडया वाळत असतात आणि दुसऱ्या कोपऱ्यात वॉटरप्रूफिंगवाल्याचे डबे उघडलेले असतात. कुरडयांना ऊन पुरतं. डब्यांची मात्र घाई झालेली असते, कारण गळतंय कुठून हे अजून कोणी पाहिलेलंच नसतं.

भांडुपच्या आमच्या इमारतीचा मी काही वर्षं खजिनदार होतो. चौथ्या मजल्यावरच्या एका बेडरूमच्या छताला ओल यायची, म्हणून दोन वर्षांत दोनदा गच्चीला कोटिंग केलं. तिसऱ्या वर्षी ऐन डिसेंबरात तिथल्या काकूंनी मला जिन्यात गाठलं. "अहो, पाऊस जाऊन दोन महिने झाले, छत अजून ओलं कसं?" मग वर जाऊन टाकीमागे वाकून पाहिलं. टाकी आणि कठडा यांच्यामध्ये जेमतेम वीतभर जागा. तिथे ब्रश शिरत नाही म्हणून कारागिराने दोन्ही वेळा तेवढा भाग सोडून दिला होता आणि टाकीचा ओव्हरफ्लो नेमका तिथेच पडत होता. मोटर बंद करायला उशीर झाला की रोज बादलीभर पाणी त्या कोपऱ्यात. आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला! पखाल तरी पाण्याचीच होती, एवढंच समाधान.

तेव्हापासून गच्ची बघायची माझी रीत बदलली. सपाट मधला भाग शेवटी बघायचा. आधी कडा, म्हणजे कठडा आणि जमीन यांच्या सांध्यावरचा गोलसर वाटा, पाणी जायची तोंडं, टाकीचे पाय, पाइप स्लॅबमधून खाली उतरतात त्या जागा आणि जिन्याच्या दाराचा उंबरठा. मी आजवर पाहिलेल्या बहुतेक गळत्या यांपैकीच कुठेतरी निघाल्या.

डागाच्या बरोबर वर खोदू नका

जुन्या इमारतींच्या गच्चीवर स्लॅबच्या वर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो आणि त्यावर चायना मोझॅक, म्हणजे चकचकीत टाइल्सचे तुकडे, किंवा सिमेंटचा थर. पाणी एका भेगेतून आत शिरलं की कोब्यात स्पंजासारखं मुरतं, ढाळाच्या दिशेने सरकतं आणि स्लॅबला जिथे कमकुवत जागा सापडेल तिथून खाली उतरतं. खालचा डाग आणि वरची भेग यांच्यात आठ-दहा फुटांचं अंतर सहज असू शकतं. म्हणून आधी डागाची वेळ आणि जागा पाहा.

फक्त पावसात ओल येते आणि पाऊस थांबल्यावर हळूहळू सुकते, तर संशय गच्चीवर. बारा महिने ओल आहे, तर टाकी किंवा पाइप. मोटर चालू असताना ओल वाढते, तर ओव्हरफ्लो किंवा चढता पाइप. भिंत आणि छत यांच्या सांध्यात ओल आहे, तर वाटा फुटलेला असण्याची शक्यता मोठी. आणि डाग खिडकीच्या वर, बाहेरच्या भिंतीवर असेल तर गच्चीला दोष देऊ नका. तिथे कठड्याच्या किंवा बाहेरच्या प्लास्टरच्या भेगा शोधा.

खात्री करायची तर पाणी भरून चाचणी घ्या, पण सगळी गच्ची एकदम भरू नका. मातीचे किंवा सिमेंटचे छोटे बांध घालून एकेक भाग वेगळा करा, पाणी जायचं तोंड बुजवा, दीड-दोन इंच पाणी भरून २४ ते ४८ तास ठेवा आणि खाली नजर ठेवा. दोन इंच पाणी म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ५० किलो वजन. ज्या स्लॅबच्या सळ्या उघड्या पडल्यात, पोपडे गळतायत, तिथे आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारा. समुद्राच्या खाऱ्या हवेत सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडते. असा स्लॅब पाण्याने भरणं हा शहाणपणा नव्हे.

सफाई करताना होणारं नुकसान

आपल्याकडे गच्ची साफ करणं म्हणजे पाइप लावून धुणं. यात पानं, कबुतरांची पिसं, संक्रांतीचा मांजा, गुटख्याची पाकिटं हे सगळं पावसाळी पाइपात जातं आणि तळमजल्याच्या वळणावर तुंबतं. आधी खराट्याने कोरडं झाडा, कचरा गोणीत भरा आणि मगच धुवा.

पाइपाच्या तोंडावर सपाट जाळी बसवणं ही दुसरी चूक. एक प्लास्टिकची पिशवी आडवी पडली की खेळ संपला. घुमटासारखी उंच जाळी घ्या, तिच्या बाजूंनी तरी पाणी जात राहतं. किती पाणी म्हणाल, तर २,००० चौरस फुटांच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला की साधारण साडेअठरा हजार लिटर होतं, जवळपास दोन टँकर. मुंबईला १०० मिलिमीटर पावसाचं अप्रूप नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता.

शेवाळासाठी ॲसिड ओतणारे लोक मला अजून भेटतात. चायना मोझॅक चकचकीत होतो खरा, पण ॲसिड सांध्यांतलं सिमेंट खातं आणि पुढच्या पावसात त्याच सांध्यांतून पाणी उतरतं. ब्लीचिंग पावडरचं पाणी टाकून पंधरा-वीस मिनिटं थांबा, नायलॉनच्या ब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र तर कधीच नको, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो.

पिंपळाचं रोप वरून खुडून समाधान मानू नका. मूळ आत राहिलं की दोन महिन्यांत पुन्हा पालवी फुटते आणि तोवर भेग रुंदावलेली असते. तेवढा भाग फोडून मूळ काढा आणि पॉलिमर मॉर्टरने, म्हणजे पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट-वाळूने, भरून घ्या.

भोकं, थर आणि घाई

डिशची छत्री, सोलरचे पाय, कोजागिरीच्या मंडपाचे खांब यांच्यासाठी ड्रिल मारलं की वॉटरप्रूफिंगची गॅरंटी कागदावरच उरते. काँक्रीटचे ठोकळे ठेवून त्यांवर बसवा. आमच्या सोसायटीत आता सेक्रेटरीला विचारल्याशिवाय वर ड्रिल जात नाही. त्यावरून एक-दोन भांडणं झाली, होऊ दे.

जुन्या कोब्यावर नवा कोबा हाही लोकप्रिय उपाय. वजन वाढतं, ते स्लॅबला झेपेल का हे कोणी विचारत नाही. शिवाय गच्ची वर येते आणि जिन्याचा उंबरठा खाली राहतो. मग पाणी पाइपाकडे जाण्याऐवजी जिन्याने उतरतं. ढाळ दर १० मीटरला १० सेंटिमीटर तरी हवा, तोही तोंडाच्या दिशेने. तपासायला दोन बादल्या पाणी ओतून पाहणं पुरेसं आहे.

उष्णता परतवणारा पांढरा रंग आणि वॉटरप्रूफिंग ही एकच गोष्ट नाही. डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. सिमेंट मिसळून लावायच्या कोटिंगला पृष्ठभाग किंचित ओलसर लागतो, ॲक्रिलिक किंवा पीयू म्हणजे पॉलियुरेथेनच्या कोटिंगला पूर्ण कोरडा. उलट केलंत तर पहिल्याच पावसात फुगे येतात. भेगा आधी इंग्रजी व्हीच्या आकारात कापून भरायच्या, नुसत्या रंगवायच्या नाहीत. मृग लागायच्या आठवडाभर आधी, भर दुपारी केलेलं काम टिकत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये करा, मजूरही सावकाश काम करतात आणि भावही उतरवता येतो.

निळी ताडपत्री हा तात्पुरता इलाज आहे, तसाच ठेवा. तिच्या सुरकुत्यांत पाणी साचतं आणि आठ-दहा दिवसांत डासांची नवी पिढी उडते.

खर्चाचंही एक सांगून टाकतो. गच्चीतून गळतं म्हणून वरच्या मजल्यावाल्यानेच पैसे भरावेत, हा हट्ट सोडा. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पावसाच्या पाण्याची गळती दुरुस्त करणं ही सोसायटीची जबाबदारी आहे. काकूंकडून आम्ही पहिल्या कोटिंगसाठी निम्मे पैसे घेतले होते, ते पुढे मेंटेनन्समध्ये वळते केले.

ऑक्टोबरमध्ये ऊन तापायला लागलं की एका सकाळी मोबाइल घेऊन वर जा. शेवटची सर पडून गेल्यावर गच्ची सुकत असताना तासातासाने फोटो काढा. सर्वांत शेवटी सुकणारी जागा खडूने आखून ठेवा. पुढच्या फेब्रुवारीत कारागिराला आधी तीच दाखवा, आणि टाकीमागेही वाकायला लावा.