गाडीतलं इमर्जन्सी किट: तयार पेटी घेऊन मोकळे होऊ नका

गणपती जवळ आले की ओळखीतली तरुण मंडळी विचारायला लागतात, “इमर्जन्सी किट कुठलं घेऊ?” मी उलट विचारतो, “तुझ्या गाडीची स्टेपनी कुठे असते? शेवटची हवा कधी भरलीस?” बहुतेक जण इथेच थांबतात. गाडी लाखोंची, किट ऑनलाइन मागवलेलं, चेनची बॅग डिकीत कोपऱ्यात, आणि प्लॅस्टिकचं वेष्टनही न फाडलेलं. हीच पहिली आणि सगळ्यात मोठी चूक. किट घरी उघडून वापरून बघितलेलं नसेल, तर ते गाडीत असूनही नसल्यासारखंच आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दोन गाड्यांनी कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालो होतो. पुढे भाचा, नवी गाडी घेऊन. आंबा घाटात संध्याकाळी, पावसाची भुरभुर चालू असताना त्याचं मागचं चाक बसलं. “मामा, किट आहे आपल्याकडे,” तो म्हणाला. आधी डिकीतल्या बॅगा, आरासीचं सामान, मोदकांचे डबे रस्त्याकडेला भिजत ठेवले, तेव्हा कुठे तळाची स्टेपनी दिसली. बॅगेतून निघाले हातमोजे, जाकीट, दोन नाजूक स्क्रू ड्रायव्हर आणि बारीक वायरची जंपर केबल, म्हणजे बसलेली बॅटरी दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडून गाडी सुरू करायची तार. चाक बदलायला यातलं काहीच कामाचं नव्हतं. गाडीबरोबर आलेला पाना आखूड. भाच्याने त्यावर उभं राहून जोर लावला, तरी पाच नटांतला एकच हलला. दुसऱ्यावरून पाना घसरला आणि त्याची बोटं सोलली.

एक टेम्पोवाला थांबला. नटांकडे बघून म्हणाला, “मामा, हे गननं आवळल्यात. हातानं सुटायचं न्हाईत.” गन म्हणजे गॅरेजमधलं नट आवळायचं यंत्र. त्याने सीटमागून दोनेक फुटांचा लोखंडी पाइप काढला, पान्याच्या दांड्यावर चढवला आणि एकेक नट कट् आवाज करत सुटला. स्टेपनी बसवली तर ती निम्मी बसलेली. माझ्या गाडीत बारा व्होल्टचा पंप होता, म्हणून ती भरून पुढे निघता आलं. फोनला रेंज नव्हती. तो टेम्पोवाला आला नसता, तर बायकामुलांसह रात्र घाटातच गेली असती.

त्यामुळे माझी सवय सांगतो. अलाइनमेंटला किंवा पंक्चरला गाडी गेली की घरी आल्यावर सगळे नट हाताच्या पान्याने एकदा सैल करून पुन्हा आवळतो. त्यांनी गन वापरलेली असते, हे गृहीतच धरतो. डिकीत क्रॉस पाना आणि पाइपचा तुकडा आहे. अलॉय चाकांना लॉक नट, म्हणजे खास चावीनेच सुटणारे नट, असतील तर त्यांची चावी ग्लव्ह बॉक्समध्ये, कारण ती हरवली की पाइपही कामाचा नाही. जॅक चिखलात रुततो, म्हणून त्याखाली घालायला फळीचा तुकडा ठेवतो. हँडब्रेक ओढायचा, बदलायच्या चाकाच्या तिरकस समोर असलेल्या चाकाला दगड लावायचा, आणि चाक जमिनीवर असतानाच नट सैल करायचे. गाडी उचलून मग नटांशी झटापट करणाऱ्याची गाडी जॅकवरून घसरते. घाई असलेल्यांना हे पटत नाही, पण एका रविवारी बिल्डिंगखाली चाक बदलून बघा. अर्धा तास जाईल. तोच अर्धा तास घाटात वाचतो.

दुसरी चूक त्रिकोणाची, म्हणजे गाडी बंद पडली की मागे रस्त्यावर ठेवायच्या लाल चमकत्या त्रिकोणाची, आणि इथे मला खरोखर राग येतो. लोक तो गाडीला टेकवून किंवा चार पावलांवर ठेवतात. ताशी 100 किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळपास 28 मीटर पुढे येते. त्या ड्रायव्हरला तुमचा त्रिकोण आणि तुमची गाडी एकदमच दिसतात, मग तो ब्रेक लावणार कधी? साध्या रस्त्यावर मी 70 पावलं मागे जातो, म्हणजे 50 मीटरच्या आसपास, आणि एक्सप्रेसवेवर त्याच्या दुप्पट. घाटात पावलं मोजत नाही, त्रिकोण वळणाच्या अलीकडे ठेवतो, म्हणजे वळण घेण्याआधीच मागून येणाऱ्याला कळतं. जाताना त्रिकोण हातात पुढे धरून, कडेकडेने, येणाऱ्या गाड्यांवर नजर ठेवून चालायचं. बाकी सगळ्यांनी गाडीतून उतरून कठड्यापलीकडे उभं राहायचं. त्रिकोणाऐवजी दगड मांडून, काम झाल्यावर ते तसेच सोडून जाणाऱ्यांना तर माफी नाही. रात्री तो दगड एखाद्या दुचाकीवाल्याच्या चाकाखाली येतो.

जंपर केबल घेताना पाकिटावरचा अँपिअरचा आकडा बघू नका, तार बघा. रबर जाड आणि आत तार केसासारखी असली, तर ती गरम होते, गाडी सुरू होत नाही. लाल आधी बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं दुसरं टोक बसलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. ऑटोमॅटिक गाडी ढकलून सुरू होत नाही, त्यामुळे त्या मालकांनी केबल टाळूच नये.

गाडीत स्टेपनी आहे का, हे विकत घेतानाच बघा. टायरची हवा दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्ती किट असेल, तर 2020 पासून स्टेपनी बंधनकारक नाही. त्या किटमधलं द्रव्य छोट्या छिद्रापुरतंच असतं, टायर बगलेत फाटला तर ते चालत नाही. त्याला एक्सपायरीही असते.

पेट्रोल बाटलीत भरून ठेवू नका, कधीच नाही. काच फोडायची हातोडी डिकीत नको, ड्रायव्हरच्या हाताशी हवी. टॉर्चचे सेल बाहेर काढून ठेवा, नाहीतर ते आतच गळतात. आग विझवायच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का ते बघा. टो हुक, म्हणजे बंद गाडी ओढून न्यायला लावायचा हुक, एकदा लावून बघा, काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात. मलम, चिकटपट्ट्या आणि पॉवर बँक उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. विदर्भातल्या मे महिन्यात तर अजिबात नको. घरातल्या मोठ्यांच्या रोजच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा.

आणि नंबर फोनमध्येच ठेवू नका. 112, रुग्णवाहिकेसाठी 108, राष्ट्रीय महामार्गावर 1033, विमा कंपनीची मदतसेवा, घरच्या दोघांचे नंबर, हे सगळं जाड पेनाने कागदावर लिहून सन व्हायझरमध्ये अडकवा. फोन नेमका गाडीच्या बॅटरीबरोबरच बसतो, कारण आपण दिवसभर तो तिच्यावरच चार्ज करत असतो.