विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय धोरण लिहायला बसण्याआधी

समिती, कुलगुरूंची संमती, बैठकांच्या तारखा: हे सगळ्यांना जमतं, पुढे चला. आंतरराष्ट्रीयीकरणाच्या व्याख्येवरही दुपार घालवू नका. या विषयाच्या अभ्यासक जेन नाइट यांची २००३ सालची व्याख्या पुरेशी आहे. उच्च शिक्षणाचा हेतू, त्याची कामं आणि प्रत्यक्ष शिकवणं यांत आंतरराष्ट्रीय अंग मिसळत नेण्याची प्रक्रिया, असा तिचा सारांश. म्हणजे हे एकट्या आंतरराष्ट्रीय केंद्राचं काम नाही, एवढं पहिल्या बैठकीत सर्वांना ऐकवा आणि त्याच बैठकीला परीक्षा नियंत्रकांना बोलवा. का ते पुढे येईलच.

आधी कशासाठी ते ठरवा. परदेशी विद्यार्थ्यांची फी हवी आहे, संशोधनात भागीदार हवे आहेत, आपली मुलं बाहेर पाठवायची आहेत, की क्रमवारीत वर सरकायचं आहे? ‘चारही’ असं उत्तर आलं तर बैठक संपवून टाका. क्रमवारी हेच खरं कारण असेल तर निदान आपापसांत तरी तसं म्हणा. विद्यापीठांची जागतिक क्रमवारी लावणारे क्यूएस आणि टाइम्स हायर एज्युकेशन दोघंही परदेशी विद्यार्थी आणि प्राध्यापकांचं प्रमाण मोजतात, त्यामुळे दबाव येणारच. पण हेतूनुसार काम बदलतं. पूर्ण पदवीसाठी येणाऱ्याला काही वर्षं सांभाळायचं असतं आणि तो फी तुमच्याकडे भरतो. देवाणघेवाणीत एका सेमिस्टरसाठी येणारा बहुधा आपल्या मूळ विद्यापीठातच फी भरतो. दोघांसाठी एकच नियमावली लिहिलीत तर ती दोघांच्याही उपयोगाची नसेल.

मग कपाटातले सामंजस्य करार बाहेर काढा. एकूण किती, हा आकडा वार्षिक अहवालापुरता. प्रत्येक करारासमोर लिहा: गेल्या तीन वर्षांत कोण गेलं, कोण आलं, एकत्र काय छापलं. रकाना रिकामा राहिला तर त्या कराराचं नूतनीकरण नको, समारंभाच्या फोटोसाठीसुद्धा नको. उलट एखाद्या प्राध्यापकाचं बाहेरच्या प्रयोगशाळेशी कसल्याही कागदाशिवाय वर्षानुवर्षं काम चाललेलं असतं आणि ते कोणाच्या गावीही नसतं. तिथे पैसे घाला.

आता श्रेयांक, म्हणजे क्रेडिट. विद्यार्थी बाहेर जे शिकून येईल त्याचे श्रेयांक इथे कोण धरणार, कधी धरणार आणि कोणत्या कोष्टकाने? मागच्या धोरणात आम्ही हेच विसरलो. ‘विभाग बघून घेतील’ असं धरून चाललो होतो. मुलं परत आली तेव्हा विभागप्रमुखांनी परीक्षा विभागाकडे बोट दाखवलं, परीक्षा विभागाने विद्या परिषदेकडे, आणि मुलांना तेच विषय इथे पुन्हा द्यावे लागले. पुढच्या वर्षी कोण अर्ज करणार होतं?

हा तपशील कारकुनी वाटतो, म्हणून तर राहतो. ईसीटीएस या युरोपच्या सामायिक श्रेयांक पद्धतीत पूर्ण वर्षाचं काम ६० श्रेयांकांचं असतं आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचा अभ्यास धरलेला असतो, त्यात वर्गाबाहेरचाही आला. ब्रिटनमध्ये तेवढंच वर्ष साधारण १२० श्रेयांकांचं, अमेरिकेत साधारण ३० चं. टेबलावरच्या माणसाने आकड्याला आकडा लावला की कोणाला दुप्पट मिळतात, कोणाचे निम्मे जातात. ग्रेडची गत याहून वाईट. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. इटलीत ३० पैकी १८ ला विद्यार्थी उत्तीर्ण होतो. फ्रान्समध्ये २० पैकी १४ म्हणजे चांगले गुण. त्याची सरळ टक्केवारी काढलीत तर तिथे कौतुक झालेली मुलगी इथल्या यादीत खाली जाते. म्हणून सूत्र नको. दोन्हीकडच्या निकालांची विभागणी समोर ठेवा: तिथे वरच्या दहा टक्क्यांत असलेल्याला इथल्या वरच्या दहा टक्क्यांना मिळते ती ग्रेड. भागीदाराकडून ही विभागणी करार करतानाच मागून घ्या. नंतर मागितलीत तर ईमेलला उत्तर येणार नाही.

आणि हे सगळं विद्यार्थी निघण्याआधी. परत आल्यावर नाही, आधी. युरोपची विद्यार्थी देवाणघेवाणीची इरॅस्मस योजना १९८७ पासून चालू आहे. तिच्यातला अध्ययन करार सरळ उचला. कोणते विषय तिथे घेणार, ते इथे कशाच्या जागी धरणार, आणि खाली तीन सह्या: विद्यार्थी, पाठवणारं विद्यापीठ, घेणारं विद्यापीठ. आपल्या बाजूने सही करणाऱ्याला तो अधिकार विद्या परिषदेच्या ठरावाने दिलेला हवा, नाहीतर ती सही म्हणजे शुभेच्छा. तिथे पोचल्यावर एखादा विषय रद्द होतो, वेळापत्रक एकमेकांवर येतं. त्या बदलाला किती दिवसांत आणि कोणी मान्यता द्यायची तेही लिहा.

‘आमच्या अभ्यासक्रमाशी तंतोतंत जुळलं पाहिजे’ म्हणणारे एक सदस्य प्रत्येक अभ्यास मंडळात असतात. तंतोतंत तेच शिकायचं तर मुलाने विमानात कशाला बसायचं? त्यांच्यासमोर दुसऱ्या देशातल्या शिक्षणाला मान्यता देण्याबद्दलचा १९९७ चा लिस्बन मान्यता करार ठेवा. त्याचं तत्त्व असं की ठोस फरक दाखवता आला नाही तर मान्यता द्यायची, आणि तो फरक दाखवायची जबाबदारी नाकारणाऱ्यावर. युनेस्कोचा २०१९ मध्ये स्वीकारलेला जागतिक करारही याच वाटेने जातो आणि २०२३ पासून लागू आहे. तुमचा देश त्यांत नसला तरी हे तत्त्व स्वतःच्या नियमात घ्यायला कोणी अडवत नाही.

शैक्षणिक वर्षाचा मेळ बघा. जपानमध्ये वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, ऑस्ट्रेलियात फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, युरोपात बहुतेक ठिकाणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. तिथली परीक्षा आणि इथलं सत्र एकमेकांवर आलं तर कोणती बुडवायची हे विद्यार्थ्याने ठरवायचं नसतं. तिथलं गुणपत्रक उशिरा आलं की इथला निकाल राखून ठेवला जातो आणि शेवटच्या वर्षाच्या मुलाची नोकरी किंवा पुढचा प्रवेश लटकतो. पुन्हा परीक्षा विभागच. त्यांना बैठकीला बोलावलंत ना?

बहुसंख्य विद्यार्थी बाहेर जाणारच नाहीत, आणि धोरणात त्यांच्यासाठी बहुधा एक परिच्छेद असतो. तो वाढवा. स्वीडनमधल्या माल्मो इथे नव्याने सुरू झालेल्या विद्यापीठात बेंग्ट निल्सन यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस घरबसल्या आंतरराष्ट्रीयीकरणाचा विचार मांडला, तो याच मुलांसाठी. सक्तीच्या विषयांत दुसऱ्या देशांतली उदाहरणं आणा, दोन विद्यापीठांच्या वर्गांना एकच प्रकल्प ऑनलाइन द्या, आलेल्या परदेशी मुलांना वेगळ्या तुकडीत कोंडू नका. ऑनलाइन प्रकल्प असला तरी श्रेयांक लागतात, तेव्हा त्याचंही कोष्टक आधी.

भाषा: इंग्रजीतून शिकवायचं ठरवलंत तर विद्यार्थ्यांची बी-२ पातळी (युरोपीय भाषा-मोजपट्टीवरची वरची मध्यम पायरी) तपासता तशी प्राध्यापकांचीही तपासा. रुसवेफुगवे होतील, होऊ द्या. प्रशिक्षणाला वेळ आणि कामाच्या तासांत सूट द्या. अर्ज, फीच्या पावत्या, वसतिगृहाचे नियम आणि तक्रारीची वाट हेही त्या भाषेत हवं. फक्त माहितीपत्रक पुरत नाही.

व्हिसा, विमा, राहण्याची सोय: एक माणूस, एक फोन, रात्रीही उचलला जाणारा. पैसे: प्रवास भत्त्यापेक्षा कर्मचाऱ्यांच्या पगाराची तरतूद आधी. शिष्यवृत्तीशिवाय फक्त ऐपतवाली मुलं जातात, ते आकड्यांत दिसेल. विद्यार्थ्यांची माहिती युरोपातल्या भागीदारांशी देवघेव करायची असेल तर २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर हा युरोपचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा विधी अधिकाऱ्याकडून वाचून घ्या.

मोजमाप: किती गेले हे नको, किती जणांचे सगळे श्रेयांक परत आल्यावर महिन्याभरात गुणपत्रकावर चढले ते मोजा. हा एकच आकडा दर सत्राला विद्या परिषदेपुढे ठेवा. बाकीचे आकडे वर्षातून एकदा चालतील.

करार मोडायची वेळ आली तर काय, ते करारातच हवं: मुदत संपण्याआधी किती महिने कळवायचं, आणि तेव्हा तिथे असलेल्या मुलांना ठरलेल्या अटींवरच सत्र पूर्ण करू देणार का. श्रेयांकांसकट.