साथीतील लसीचे नियोजन: सोलापूर जिल्ह्याचा आराखडा कसा बांधावा

लसीकरणाचा आराखडा खरेदीच्या आदेशापासून लिहायला घेऊ नये; तो लस टोचणाऱ्या परिचारिकेच्या टेबलापासून उलट्या दिशेने लिहावा. 16 जानेवारी 2021 रोजी देशात कोविड लसीकरण सुरू झाले आणि पहिल्या सहा महिन्यांतच खरेदीचे धोरण दोनदा बदलले: 1 मेपासून निम्मा साठा राज्ये व खासगी रुग्णालयांसाठी खुला झाला, तर 21 जूनपासून केंद्र सरकार 75 टक्के लस स्वतः विकत घेऊन राज्यांना मोफत देऊ लागले. यातले काहीही जिल्ह्याच्या हाती नसते. हाती असते ती मागणी नेमकी मांडणे.

समजा, 10,000 लोकांना प्रत्येकी दोन मात्रा द्यायच्या आहेत. शंभरातील 10 मात्रा वाया जातील असे धरल्यास 20,000 ला 1.11 ने (100 भागिले 90, म्हणजे सुमारे 1.11) गुणावे, म्हणजे 22,200 मात्रा, आणि एका कुपीत 10 मात्रा असल्यास 2,220 कुप्या लागतात. सिरिंजा व नोंदणीचे मनुष्यबळही याच वेळी मोजावे. कोविशिल्डची कुपी उघडल्यावर चार तासांत संपवावी लागत असे, त्यामुळे करमाळा किंवा सांगोल्याच्या आडगावात सत्र ठेवताना माणसे दहाच्या पटीत जमतील अशी वेळ निवडणे हाच नासाडी टाळण्याचा खरा उपाय आहे.

सोलापूरचा मे महिना पारा चाळिशीपार नेतो, म्हणून सारे लक्ष उष्णतेकडे जाते. पण लस गोठूनही बाद होते, हे विसरले जाते. डीप फ्रीझरमधून काढलेले बर्फाचे पॅक थेट व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये (लस थंड ठेवून नेण्याच्या डब्यात) भरू नयेत. पॅक बाहेर ठेवून, कानाशी धरून हलवावा आणि आत पाणी खळखळल्याचा आवाज आला की मगच चारही बाजूंना लावावा. साठवणुकीचे तापमान 2 ते 8 अंश सेल्सिअस असावे आणि त्याची नोंद दिवसातून दोनदा हाताने करावी.

माहितीच्या बाबतीत मात्र आपण अजून फलकावरच भागवतो. 2021 मध्ये 18 ते 44 वयोगटाला सुरुवातीला कोविन या सरकारी संकेतस्थळावर आधी नोंदणी करणे सक्तीचे होते. ज्यांचा मोबाइल वेगवान, त्यांचा नंबर आधी, असा तो प्रकार होता. सोलापूर शहराच्या पूर्व भागातील यंत्रमाग कामगार आणि घरी विड्या वळणाऱ्या महिला त्या शर्यतीत कशा टिकणार? म्हणून उद्या कोणत्या केंद्रावर किती मात्रा आहेत आणि त्यातील किती थेट येणाऱ्यांसाठी राखीव आहेत, हे आदल्या संध्याकाळी मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत जाहीर करावे. विड्या जमा करून पान-तंबाखू घ्यायला महिला कारखान्यात येतात, तिथेच ते मोठ्याने वाचून दाखवावे. साठा आला नसेल, तर तेही त्याच वेळी सांगावे, म्हणजे पहाटेपासून रांगेत बसलेल्यांचा रोज बुडणार नाही.