टास्क स्विचिंगच्या लॅबमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

एका कामावरून दुसऱ्या कामावर वळताना मन काय करतं, हे अभ्यासणाऱ्या परदेशातल्या लॅबमध्ये पीएचडीला किंवा पोस्टडॉकला रुजू झालं की आल्या आल्या नवा प्रयोग उभा करायची घाई होते. ती टाळा. एथिक्स मंजुरीचा अर्ज मात्र लगेच भरा, तिथे बराच वेळ जातो. तोवर लॅबमधला जुना कच्चा डेटा मागून घ्या आणि प्रयोगाला स्वतः सहभागी म्हणून बसा, अगदी शेवटच्या ब्लॉकपर्यंत.

पडद्यावर 7 दिसतो. भोवती चौकोन असेल तर सम की विषम ते सांगायचं, वर्तुळ असेल तर 5 पेक्षा मोठा की लहान. दोन्हींना बटणं तीच. नियम बदलला की बोट अडखळतं. ते अडखळणं म्हणजे स्विच कॉस्ट. कामं आलटून पालटून करण्याची किंमत मानसशास्त्रज्ञ जर्सिल्ड यांनी 1927 मध्येच मोजली होती. 1995 मध्ये रॉजर्स आणि मॉन्सेल यांनी दाखवलं की बदल कधी येणार हे आधी ठाऊक असलं, तयारीला पुरेसा वेळ मिळाला, तरी थोडा उशीर उरतोच. तो का उरतो, यावर तुमच्या लॅबचं ठाम मत असणार. ऑलपोर्ट यांच्या मताचे लोक म्हणतील, आधीच्या कामाचा प्रभाव रेंगाळतो. दुसरे म्हणतील, नव्या कामाची मांडणी अंक समोर आल्याशिवाय पुरी होत नाही. दोन्हीकडचे मूळ लेख वाचल्याशिवाय मान डोलावू नका.

सगळ्यात जास्त वेळ क्यूवर, म्हणजे कोणतं काम करायचं ते सांगणाऱ्या चौकोन-वर्तुळासारख्या खुणेवर घालवा. एका कामाला एकच क्यू ठेवला, तर काम बदलताना क्यूही बदलतो, आणि उशीर नेमका कशामुळे झाला ते कळत नाही. लोगन आणि बंडेसन यांनी 2003 मध्ये प्रत्येक कामाला दोन क्यू देऊन हे दोन्ही वेगळे केले, तेव्हा उशिराचा मोठा भाग क्यू बदलल्याचाच निघाला. म्हणून दोन क्यू ठेवाच, सुपरवायझरने नको म्हटलं तरी कारण विचारा.

माणसामाणसांतला फरक अभ्यासणार असाल तर आधी विश्वासार्हता तपासा, म्हणजे त्याच माणसाचं पुन्हा मोजलं तर तसंच उत्तर येतं का ते पाहा. स्विच कॉस्ट ही काम बदलतानाचा वेळ आणि तेच काम पुन्हा करतानाचा वेळ यांची वजाबाकी आहे आणि वजाबाकीत गोंगाट वाढतो. गटात ठळक दिसणारा परिणाम व्यक्तींची क्रमवारी लावायला कुचकामी ठरू शकतो, हे हेज, पॉवेल आणि सम्नर यांनी 2018 मध्ये स्ट्रूपसारख्या कामांवर (रंगाचं नाव वेगळ्या रंगात लिहिलेलं असताना अक्षरांचा रंग सांगायचा) दाखवलं.

भाषा बदलणं हेही काम बदलण्यासारखंच, म्हणून सहभागी कोणत्या भाषा बोलतात, हेही फॉर्ममध्ये विचारा. म्यूटर आणि ऑलपोर्ट यांच्या 1999 च्या प्रयोगात द्विभाषिकांना दुबळ्या भाषेतून पक्क्या भाषेत येणंच जास्त जड गेलं होतं. तेव्हा दिवसभर इंग्रजीत बोलून घरी फोन लावल्यावर मराठी शब्द चटकन सुचला नाही, तर भाषा विसरत चाललो म्हणून मनाला लावून घेऊ नका.

आणि मीटिंगमध्ये समजलं नाही तर तिथेच विचारा. इथे प्रश्न विचारणं उद्धटपणा मानत नाहीत. गप्प बसलात तर मात्र सगळं समजलं असं धरून पुढचं काम तुमच्यावर सोपवतात.