तो वेळ आणि ती वेळ : विशीतल्या माणसाने वही कशी ठेवावी

मराठीत ‘वेळ’ हा शब्द दोन लिंगांत चालतो. शाळेत व्याकरणाच्या तासाला ही गोष्ट एका ओळीत उरकली जाते, पण वयाच्या तेविसाव्या वर्षी ती मला अचानक फार मोठी वाटू लागली. ‘वेळ गेला’ म्हटले की खर्च झालेला, मोजता येण्याजोगा अवधी डोळ्यांसमोर येतो. ‘वेळ गेली’ म्हटले की योग्य क्षण हातून निसटल्याची चुटपुट लागते. आपण थोड्या वेळाने निघतो आणि वेळेवर पोहोचतो. तो लागतो, मिळतो, पुरतो. ती येते, टळते, साधते किंवा चुकते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या, पहिली नोकरी शोधणाऱ्या आमच्या पिढीला पहिला वेळ मोजायला सगळेच शिकवतात. दुसरी ओळखायची कशी, हे मात्र ज्याचे त्याने शोधावे लागते. त्यासाठी गेली दोन वर्षे कोल्हापुरात राहून मी एक वही ठेवत आहे. तिची पद्धत इतरांनाही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे सांगत आहे.

वही दोनशे पानी, साधी रेघांची घ्यावी. मोबाइलमध्ये नोंद करण्याचा मोह टाळावा, कारण नोंदीसाठी उघडलेला मोबाइल नोंद झाल्यावर बंद होत नाही. वही उघडल्यावर डावे पान ‘तो’साठी आणि उजवे ‘ती’साठी राखावे. मुखपृष्ठावर नुसते ‘वेळ’ एवढेच लिहावे. ‘वेळेची वही’ असे लिहिले तर प्रत्यय लागताच डाव्या पानावर अन्याय होतो.

डाव्या पानाचे काम सोपे आहे, म्हणून ते आधी सांगतो. दिवस तासांत न मोजता घटकांत मोजावा. जुन्या कालगणनेत अहोरात्राच्या ६० घटका असतात, म्हणजे एक घटका २४ मिनिटांची. पाण्याने भरलेल्या घंगाळात तळाला बारीक छिद्र असलेली वाटी सोडत आणि ती भरून बुडाली की एक घटका झाली असे धरत. ‘घटका भरली’ असे आपण आजही म्हणतो, त्यात ती वाटी आहे. तासाच्या मापाने लिहायला बसलो की मी वेळापत्रक लिहू लागतो आणि वेळापत्रकात मनुष्य नेहमीच थोडे खोटे बोलतो. घटका मात्र प्रत्यक्ष केलेल्या कामाच्या आकाराची असते. आठ तासांची झोप म्हणजे २० घटका. अभ्यासिकेत मी रोज दहा तास बसतो असे घरी सांगत असे. त्या २५ घटका व्हायला हव्या होत्या, पण पहिल्या आठवड्याच्या नोंदीत खऱ्या अभ्यासाच्या एका दिवसाच्या घटका १४ च्या वर कधी गेल्या नाहीत. हा आकडा पाहून स्वतःवर रागावू नये आणि लगेच सुधारणाही करू नये. निदान सात दिवस नुसते लिहावे.

येथे एक गोष्ट सांगून टाकतो. ऐंशी वर्षांच्या आयुष्याचे ४,१६० आठवडे धरून तेवढे चौकोन भिंतीवर आखायचे आणि दर रविवारी एक काळा करायचा, असा तक्ता मीही केला होता. दोन महिन्यांत तो मी उतरवला. त्यात सगळे चौकोन सारखे होते आणि माझे आठवडे तसे नव्हते.

उजवे पान अवघड आहे, आणि ते कसे भरावे हे मला वहीपाशी नव्हे, मामांच्या गुऱ्हाळावर कळले. काहिलीत उसाचा रस तापू लागला की मळी वर येते, भेंडीचा चिकट रस घालून ती काढून टाकतात, मग रस आटत जातो, फेस बसतो, बुडबुड्यांचा आकार आणि आवाज बदलतो. हे सारे अडीच-तीन तास चालते आणि त्यात घाई करून काही उपयोग नसतो. शेवटी मात्र काही मिनिटांचा प्रश्न असतो. काहिल लवकर उतरवली तर गूळ मऊ राहतो, साच्यात नीट बसत नाही. उशीर झाला तर करपट वास येतो आणि रंग काळपट पडतो. पुस्तकाप्रमाणे हे तापमान साधारण ११८ अंश सेल्सिअस असते, पण आमच्या गुळव्यांना, तात्यांना, मी कधी तापमापक वापरताना पाहिले नाही. ते थोडा पाक थंड पाण्यात टाकतात, बोटांनी त्याची गोळी वळतात आणि पुन्हा काहिलीकडे पाहतात. ‘‘तात्या, अजून किती वेळ?’’ असे मी तिसऱ्यांदा विचारले तेव्हा त्यांनी मान वर न करता सांगितले, ‘‘घड्याळ काय बघतोस, काहिलीत बघ.’’

म्हणून उजव्या पानावर घटनेपेक्षा तिची खूण लिहावी. आज अमुक एक संधी आली होती, एवढेच लिहिले तर महिन्याभराने त्या ओळीचा काही उपयोग होत नाही. ती आल्याचे आपल्याला कशावरून कळले, किंवा कळायला हवे होते, ते लिहावे. माझ्या वहीतील एक नोंद उदाहरणादाखल देतो : ‘आईचा फोन. आवाज नेहमीपेक्षा हळू. दोनदा “बाकी काही नाही” म्हणाली. विचारायला हवे होते, विचारले नाही.’ तीन-चार वाक्यांहून अधिक लिहू नये. अधिक लिहिले की पश्चात्तापाचे साहित्य होते आणि खूण बाजूला राहते. काही दिवस उजवे पान कोरे जाईल. जाऊ द्यावे. रोज एक मोलाचा क्षण सापडलाच पाहिजे असा हट्ट धरणारा माणूस कच्च्या पाकाच्या गोळ्या वळत बसतो.

हुकलेली प्रत्येक वेळ आपल्याच चुकीने हुकते असे नाही, हेही पानावर दिसले पाहिजे, आणि त्यासाठी करवीरनिवासिनी अंबाबाईच्या किरणोत्सवाइतका चांगला धडा दुसरा नाही. देवीची मूर्ती पश्चिमाभिमुख आहे. सूर्य मावळण्याची जागा क्षितिजावर दक्षिणेकडे सरकत डिसेंबरच्या २१-२२ तारखेला टोक गाठते आणि परत फिरते. त्यामुळे नोव्हेंबरात जाताना आणि जानेवारीच्या अखेरीस येताना मावळते किरण महाद्वाराच्या दिशेने सरळ गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात. ९, १० व ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या त्या तारखा मानल्या जातात, आणि मोजून पाहिले तर दोन्ही संच त्या टोकाच्या दिवसापासून जवळपास सारख्याच अंतरावर आहेत. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत किरण जावेत अशी अपेक्षा असते. अपेक्षा म्हणतो, कारण ढग, धूळ, बाष्प आणि वाटेतील बांधकामे यांपैकी काहीही आड येऊ शकते. मी एका जानेवारीत गर्दीत दोन तास उभा होतो. किरण गाभाऱ्याच्या दिशेने चढत गेले आणि ऐन वेळी पश्चिमेला ढग आला. गणित बरोबर होते, मी वेळेवर होतो, वेळ मात्र आली नाही. त्या दिवसापासून उजव्या पानाच्या समासात मी ‘ढग’ असा एक शब्द लिहू लागलो. जी वेळ हुकण्यात माझा दोष नाही तिच्यापुढे तो लिहायचा. या शब्दाचा वापर फार वाढला तर मात्र सावध व्हावे.

पावसाळ्यात कधी दोन्ही पाने निरुपयोगी होतात. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात कोल्हापूरने तारखा सोडून फूट मोजले. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी, हे आकडे शाळकरी मुलांनाही पाठ होते. अशा दिवसांत पानावर फक्त पाण्याची पातळी लिहावी आणि शेजाऱ्यांच्या मदतीला जावे.

‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ असे अपघातातून वाचलेला माणूस म्हणतो. त्यातल्या काळासाठी वहीची शेवटची चार पाने राखावीत. आपल्या हयातीत जी पुरी होणार नाहीत, तरी ज्यांना हात लावावासा वाटतो, अशी कामे तेथे लिहावीत. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला तेव्हा त्यांना विसावे वर्ष चालू होते, आणि ६ मे १९२२ रोजी अठ्ठेचाळीस वर्षे पुरी होण्याआधीच ते गेले. त्यांनी हाती घेतलेले राधानगरीचे धरण पूर्ण झाले ते देश स्वतंत्र झाल्यानंतर. ज्याने पाया घातला त्याने पुरे झालेले धरण पाहिले नाही, आणि आमच्या शिवारातील ऊस त्या पाण्यावर उभा आहे. त्यांच्या वयाशी आपले वय ताडून पाहण्याचा उद्योग मी केलेला आहे. त्यातून निराशेपलीकडे काही निघत नाही, तो करू नये. त्याऐवजी एक छोटी गोष्ट करावी. त्यांच्या स्मृतिशताब्दीला, ६ मे २०२२ रोजी, कोल्हापूर १०० सेकंद स्तब्ध उभे राहिले होते. शेवटच्या पानांवर काही लिहिण्यापूर्वी तेवढेच सेकंद उभे राहून पाहावे. शंभर सेकंद किती लांब असतात हे तेव्हा कळते, आणि मनात आलेल्या कामांपैकी निम्मी लिहावीशी वाटत नाहीत.

तीन महिन्यांनी वही पहिल्या पानापासून वाचावी. वाचताना एकच पाहावे : उजव्या पानावरच्या खुणा ज्या दिवशी दिसल्या त्या दिवशी डाव्या पानावर काय होते. माझ्या बाबतीत, ज्या दिवशी अभ्यासाच्या घटका सर्वांत जास्त भरल्या त्या दिवशी उजवे पान बहुधा कोरे होते. अभ्यास सोडावा असा त्याचा अर्थ मी काढला नाही, पण संध्याकाळच्या दोन घटका मोकळ्या ठेवू लागलो आणि त्या रंकाळा तलावावर घालवू लागलो.

नोंद राहून गेली तर ती दुसऱ्या दिवशी आठवून भरू नये, पान तसेच सोडावे. माझ्या वहीत गेल्या माघात सलग अकरा दिवस कोरे आहेत. ते अकरा दिवस मी गुऱ्हाळावर होतो.