आईवडिलांच्या फोनला कुलूप लावताना

गणपतीत किंवा दिवाळीत घरी जाल तेव्हा दोन निवांत तास आईवडिलांचा फोन फसवणुकीपासून सुरक्षित करायला राखून ठेवा. फोन पूर्ण चार्ज करून घ्या, वायफाय चालू आहे ना ते पाहा आणि फोन आईच्या किंवा वडिलांच्याच हातात राहू द्या. बटणं त्यांनी दाबायची, तुम्ही शेजारी बसून सांगायचं. वेळ दुप्पट लागतो. पण तुम्ही परस्पर बदललेली सेटिंग 'हे चालत नाहीये' म्हणून पंधरा दिवसांत कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडून उलटी फिरवून घेतली जाते. स्वतःच्या हाताने बदललेली सहसा टिकते.

परदेशात असाल आणि लवकर येणं जमणार नसेल, तर गावातल्या भाचीला किंवा पुतण्याला शेजारी बसवा. व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करायला लावून हे काम उरकू नका. व्हॉट्सॲपमध्ये २०२३ पासून ती सोय आहे आणि भामटेही तीच वापरतात, कारण पडद्यावर आलेला ओटीपी आणि खात्यातली शिल्लक पलीकडच्याला सरळ दिसते. मुलानेच दोनदा 'आई, स्क्रीन शेअर कर' म्हणून शिकवलं असेल, तर तिसऱ्यांदा 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्याने तेच सांगितल्यावर तिला त्यात वावगं काय वाटणार? 'बाबा, आत्ता एक ओटीपी आला असेल, तो सांगा' हे तर घरोघरी चालतं. ओटीपी कोणाला सांगू नका हे बजावणारे आपण आणि दर आठवड्याला तो फोनवर मागणारेही आपणच. त्यामुळे पहिली दुरुस्ती स्वतःच्या सवयीत करा. त्यांच्यासाठी किराणा, औषधं, तिकिटं मागवायची तर तुमच्या नंबरावर, तुमच्या कार्डाने मागवा.

पैशाची वाट

सगळ्यात जास्त उपयोग होतो तो दोन वेगळ्या खात्यांचा. एका बँकेत पेन्शन, बचत आणि मुदत ठेवी, त्या खात्याला यूपीआय नाही. दुसऱ्या बँकेत रोजच्या खर्चाचं खातं, त्यात दहापंधरा हजार रुपये, आणि यूपीआय फक्त त्याला जोडलेलं. बँक मुद्दाम वेगळी घ्यायची. एकाच बँकेत दोन खाती उघडली तर ती बहुधा एकाच ग्राहक क्रमांकाखाली येतात आणि नेट बँकिंगच्या एकाच पडद्यावर दोन्ही उघडी पडतात. पेन्शनच्या बँकेचं ॲप फोनवर लागत नसेल तर काढून टाका, पण व्यवहाराचे एसएमएस चालू ठेवा.

एवढ्याने वाट पूर्ण बंद होत नाही. खात्याला तोच मोबाइल नंबर जोडलेला असेल, तर फोन हाती लागलेला माणूस डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदतीची तारीख आणि ओटीपी यांवर ते खातं यूपीआयला जोडून नवा पिन बनवू शकतो. म्हणून फोनच्या कव्हरमध्ये एटीएम कार्ड ठेवायची सवय मोडा. कार्ड आणि आधारचे फोटोही गॅलरीतून आणि व्हॉट्सॲपमधून काढा. पिन लक्षात राहत नसेल तर कागदावर लिहायला हरकत नाही. फक्त तो कागद कपाटात असावा, फोनजवळ नको.

कार्डाचे ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून होणारे व्यवहार स्वतंत्रपणे बंद करण्याची आणि मर्यादा ठरवण्याची सोय रिझर्व्ह बँकेने २०२० पासून बँकांवर बंधनकारक केली आहे. परदेशी व्यवहार बंद करा, एटीएमची मर्यादा त्यांच्या नेहमीच्या गरजेएवढी ठेवा. शाखेत जाल तेव्हा आणखी दोन गोष्टी विचारा. मुदत ठेव ऑनलाइन मोडण्याची सोय बंद करून मिळेल का? आणि ॲपमध्ये 'आधीच मंजूर' म्हणून दिसणारं झटपट कर्ज बंद होईल का? मोठ्या फसवणुकीत भामटे खात्यातली शिल्लक संपली की थांबत नाहीत. ते ठेवी मोडायला लावतात आणि कर्जही उचलायला लावतात.

वडील यूपीआयला बिचकत असतील तर 'यूपीआय सर्कल' बघा. खातं तुमचं, खर्च करणारे ते. पूर्ण अधिकार दिले तर एका व्यवहाराला ५,००० आणि महिन्याला १५,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे, तीही तुम्ही आणखी कमी करू शकता. अर्धे अधिकार दिले तर प्रत्येक व्यवहार तुमच्या फोनवर मंजुरीला येतो. पण तुम्ही मीटिंगमध्ये आणि ते भाजीवाल्यासमोर ताटकळत, असं रोज होणार असेल तर ही दुसरी तऱ्हा चार दिवसांत कंटाळा आणते.

एक वाक्य मात्र त्यांच्याकडून घोकून घ्या: पैसे येताना पिन लागत नाही. पिन फक्त पैसे पाठवायला आणि शिल्लक बघायला लागतो.

फोनच्या आत

सध्याचा मोठा धोका आहे व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल. नाव असतं 'लग्नपत्रिका', 'आरटीओ चलन' किंवा 'बँक केवायसी'. ती उघडली की ॲप बसतं, एसएमएस वाचायची परवानगी घेतं आणि ओटीपी परस्पर बाहेर पाठवतं. ती पाठवणारा नंबर ओळखीचाही असू शकतो, कारण त्याचा फोन आधीच बळी पडलेला असतो. सेटिंग्जमधल्या शोधपट्टीत 'अननोन ॲप्स' टाइप करा. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये मेनू वेगळा असतो, म्हणून शोधणं सोपं. जी यादी येईल त्यात व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर सगळ्यांची परवानगी बंद करा. प्ले स्टोअरमध्ये 'प्ले प्रोटेक्ट' चालू आहे ना ते बघा. मग परवानग्यांच्या तीन याद्या नजरेखालून घाला: एसएमएस, नोटिफिकेशन ॲक्सेस आणि ॲक्सेसिबिलिटी. तिसरी सगळ्यात घातक, कारण ती मिळालेलं ॲप पडद्यावरचं वाचू शकतं आणि स्वतः बटणंही दाबू शकतं. श्रवणयंत्राचं किंवा मजकूर वाचून दाखवणारं ॲप त्या यादीत असेल तर ते राहू द्या. टॉर्च, कीबोर्ड, 'क्लीनर' यांचं तिथे काही काम नाही. दुसऱ्याला दुरून फोन बघू-चालवू देणारं एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर सापडलं तर ते कोणी आणि कधी टाकायला सांगितलं ते शांतपणे विचारा. कधी कधी एखादी फसवणूक तिथेच उघडकीस येते.

व्हॉट्सॲपमध्ये 'टू स्टेप व्हेरिफिकेशन' चालू करून सहा आकडी पिन ठेवा आणि सोबत ईमेल द्या. ईमेल नसेल आणि पिन विसरला तर सात दिवस थांबावं लागू शकतं. 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये अनोळखी संगणक दिसला तर लगेच लॉग आउट. अनोळखी कॉल गप्प करण्याची सोय चालू करा आणि ग्रुपमध्ये कोण घालू शकतं तिथे फक्त ओळखीचे ठेवा. शेअर बाजाराचे 'गुरू' भेटतात ते अशा न विचारता जोडलेल्या ग्रुपमध्येच.

सिम आणि आधार

'संचार साथी' या सरकारी पोर्टलवर किंवा ॲपवर त्यांच्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. देशात बहुतेक ठिकाणी एका व्यक्तीला कमाल ९ सिम घेता येतात. यादीत अनोळखी नंबर असला तर 'माझा नाही' म्हणून तिथेच कळवता येतं. हरवलेला फोन आयएमईआय क्रमांकावरून (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) बंद करायची सोयही तिथेच आहे. तो क्रमांक *#०६# डायल करून आत्ताच लिहून घ्या, फोन हरवल्यावर तो मिळवायचा कुठून? कॉल परस्पर दुसरीकडे वळवलेले नाहीत ना, हे फोनच्या कॉल सेटिंग्जमध्ये तपासा. ##००२# डायल केलं की वळवलेले सगळे कॉल रद्द होतात. मात्र कोणी अनोळखी माणूस फोनवरून एखादा कोड डायल करायला सांगत असेल तर तो करायचा नाही.

सिमला पिन लावणं चांगलं, पण अंदाजाने आकडे टाकू नका. आधीचा पिन कोणता ते कंपनीला विचारा. तीन वेळा चुकला की पीयूके (अडकलेलं सिम उघडायचा कोड) मागतो आणि पीयूके दहा वेळा चुकला की सिम कायमचं बाद होतं. सणाच्या दिवशी वडिलांचा नंबर बंद पाडून ठेवला तर पुढची सगळी शिकवणी वाया जाते.

दस्तांवरच्या अंगठ्यांवरून नकली ठसे बनवून आधारच्या आधारे खात्यातून रोख काढण्याचे प्रकार झाले आहेत. त्याला ओटीपी लागत नाही, म्हणून नुसत्या सावधपणाने ते टळत नाहीत. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक लावा. त्यासाठी आधारला मोबाइल जोडलेला असावा लागतो. आता अडचण कुठे येते ते सांगतो. लॉक लावलं की रेशन दुकानात अंगठा चालत नाही आणि नोव्हेंबरमध्ये पेन्शनसाठी डिजिटल हयातीचा दाखलाही निघत नाही. चेहरा दाखवून काढायचा म्हटलं तरी नाही, कारण बोटं, डोळे आणि चेहरा तिन्ही एकदम बंद होतात. तात्पुरतं कुलूप कसं उघडायचं ते त्यांच्याकडून दोनदा करून घ्या. दर महिन्याला रेशनला अंगठा लावावा लागत असेल आणि घरात दुसरं कोणी नसेल, तर हे लॉक लावायचं की नाही ते त्यांनाच ठरवू द्या.

किती पाहायचं

एवढं झालं की पुढचा मोह होतो: त्यांचे मेसेज आपल्या फोनवर यावेत, ठिकाण कायम दिसावं, एखादं लपून चालणारं ॲप टाकावं. तसं करू नका. लपून चालणारी ॲप ॲक्सेसिबिलिटीची तीच घातक परवानगी मागतात, म्हणजे आत्ता बंद केलेलं दार तुम्हीच उघडता. परवानगीवाचून दुसऱ्याच्या फोनमधली माहिती काढणं हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ आणि ६६ या कलमांत येतं. आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत मानलेला खासगीपणाचा हक्क वयाच्या सत्तरीला संपत नाही.

व्यवहाराच्या बाजूनेही ते तोट्याचं आहे. 'डिजिटल अरेस्ट'च्या सापळ्यात पोलिसाच्या गणवेशातला भामटा व्हिडिओ कॉलवर तासन्तास बसवून ठेवतो. पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले म्हणतो आणि 'घरात कोणालाही सांगू नका' अशी ताकीद देतो. भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. पण सापळा टिकतो तो त्या ताकिदीवर. 'मुलाला कळलं तर फोन काढून घेईल, ओरडेल' अशी धास्ती असलेली आई ती ताकीद पाळते, आणि पैसे गेल्यावरही दोन दिवस गप्प राहते. म्हणून करार दोन्ही बाजूंनी करा. त्यांच्या बाजूने: गुप्तता मागणारा कोणताही फोन आला की तो ठेवून घरात सांगायचं. तुमच्या बाजूने: रक्कम कितीही असो, ओरडायचं नाही आणि फोन काढून घ्यायचा नाही. आवाजाची नक्कल करून 'अपघात झालाय, पैसे पाठव' म्हणणाऱ्यांसाठी घरातला एक शब्द ठरवा. कुत्र्याचं जुनं नाव, आजोळच्या विहिरीचं नाव, असं काहीतरी जे कुठे लिहिलेलं नाही.

विसराळूपणा आजाराच्या टोकाला जात असेल तर प्रश्न बदलतो. तेव्हा संयुक्त खातं, नामनिर्देशन, मुखत्यारपत्र या गोष्टी त्यांना समजतं आहे तोवर, त्यांच्या सहीने करून घ्या.

पैसे गेलेच तर

लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन. लागला नाही तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार. गेलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात फिरवून रोख काढली जाते. ती वाटेत असेपर्यंतच बँका धरून ठेवू शकतात, म्हणून 'उद्या शाखेत जाऊ' हे चालत नाही. हाताशी ठेवा: खातेक्रमांक, रक्कम, वेळ आणि यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक. तक्रारीचा पोच क्रमांक लिहून घ्या. त्याच वेळी घरातल्या दुसऱ्याने बँकेच्या चोवीस तास चालणाऱ्या नंबरावर फोन करून कार्ड आणि यूपीआय बंद करून घ्यावं. हा नंबर कार्डामागचा घ्या, गूगलवर शोधलेला नको. एपीके उघडली गेली असेल तर फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि सगळे फोन दुसऱ्या फोनवरून करा. मेसेज पुसू नका, तो पुरावा आहे.

रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार, ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याकडून झालेला व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर त्याच्यावर भुर्दंड पडत नाही. पिन किंवा ओटीपी स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून बँकेलाही लेखी कळवून पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला फी नाही.

काही आठवड्यांनी 'तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, प्रक्रियेचे चार हजार भरा' असा फोन येण्याची शक्यता धरून चाला. एकदा फसलेल्यांचे नंबर पुन्हा वापरले जातात. पैसे परत मिळवून द्यायला पोलीस, बँक किंवा लोकपाल फी मागत नाहीत. तो नंबर आधीच्या तक्रारीत जोडा.