खेळाडू विकताना ट्रान्सफर फीची बोलणी कशी करावी

ट्रान्सफर फी ही खेळाडूची किंमत नसून त्याच्या करारातील उरलेली मुदत सोडून देण्याचा मोबदला असतो, हे इंदूरमध्ये फुटबॉल क्लब चालवणाऱ्या आपल्या मंडळींनी बोलणीला बसण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. फिफाच्या नियमांनुसार कराराच्या अखेरच्या सहा महिन्यांत व्यावसायिक खेळाडू दुसऱ्या क्लबाशी पुढचा करार करू शकतो. तेव्हा विकायचेच असेल, तर निदान वर्षभराची मुदत हाती असतानाच विकावे.

करारात रिलीज क्लॉज, म्हणजे ठरलेली रक्कम भरल्यास खेळाडूला सोडावे लागण्याचे कलम, असल्यास घासाघीस जवळजवळ संपते. २०१७ मध्ये नेमारच्या करारातील २२ कोटी २० लाख युरो भरले गेले आणि बार्सिलोनाला त्याला पॅरिसला जाऊ द्यावे लागले. मात्र कलमाची शब्दरचना निःसंदिग्ध हवी. २०१३ मध्ये आर्सेनलने सुआरेझच्या करारातील अशा कलमाच्या ४ कोटी पौंडांवर अवघा एक पौंड वाढवून देऊ केला, तरी लिव्हरपूलने त्याला सोडले नाही.

पहिला आकडा कोणी उच्चारावा यावर लोक फार डोके शिणवतात. माझ्या मते खरी कमाई किंवा नुकसान फीच्या मांडणीत असते. रोख किती, हप्ते किती आणि हप्ता चुकल्यास व्याज काय, हे आधी ठरवावे. खरेदीदार ‘विजेतेपद मिळाल्यास इतके’ अशी आकर्षक वाढीव रक्कम पुढे करतो. त्याऐवजी ठराविक सामने खेळल्यावर मिळणारी लहान रक्कम मागावी, कारण ती हाती पडण्याची शक्यता अधिक असते. पुढील विक्रीतील वाटा मागताना तो संपूर्ण रकमेवर की नफ्यावर, हे स्पष्ट लिहून घ्यावे: २० लाखांना विकलेला खेळाडू पुढे एक कोटीला गेला, तर २० टक्के वाटा पहिल्या पद्धतीने २० लाख आणि दुसऱ्या पद्धतीने १६ लाख होतो. खरेदीदार अर्थातच नफ्याचाच आग्रह धरील. तिथे रोख रकमेत थोडी सूट देऊनही अडून बसणे परवडते.

खेळाडू पुढे करार चालू असताना फी घेऊन परदेशी क्लबाकडे गेला, तर त्या फीतील ५ टक्क्यांपर्यंत रक्कम त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटली जाते. पहिल्या चार वर्षांचा, म्हणजे १२ ते १५ या वयाचा, हिस्सा एकूण फीच्या १ टक्का होतो. हा हक्क नोंदणीवर ठरत असल्याने मुलांची नावे भारतीय फुटबॉल महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत त्या त्या हंगामातच चढवावीत.